उद्या पाणी कधी?

शाळेतली पोरं त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘डबकंबाई’. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बाकीच्या मास्तरांच्या वाट्याला आलेली टोपणनावं तुम्ही ऐकली असती, तर त्यातल्या त्यात डबकं बरं असं तुम्हीही म्हणाला असता. चौथीला विज्ञान शिकवणं हे त्यांचं काम. पण फळ्यावर चंद्र काढायचा, समुद्र काढायचा, दोघांना एकेक बाण मारायचा आणि भरती-ओहोटीचा धडा संपवायचा, हे त्यांना उभ्या जन्मात जमलं नाही. ज्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो तिथे समुद्राचं चित्र काढण्यात काय हशील आहे, असा त्यांचा रोकडा सवाल असे. म्हणून दर वर्षी त्या चौथीचा वर्ग घेऊन खडकांवर जायच्या. ओहोटीला तिथलं पाणी मागे सरतं आणि खडकांच्या खळग्यांत साचून राहिलेल्या डबक्यांत एक अख्खं जग उघडं पडतं.

त्या जगातला बाईंचा लाडका प्राणी मात्र दिसायला अगदीच सुमार होता. खडकाला चिकटलेली टोपीच्या आकाराची एक शिंपली, बस्स. पोरांनी त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं. तारामासा दिसला की पोरं उड्या मारायची, शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा दिसला की किंचाळायची. टोपीवाल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मग बाई सांगायला लागायच्या. पाणी उतरलेलं असतं तेव्हा हा खडकाला घट्ट धरून, अंगातली ओल जपत बसतो. पाणी अंगावर आलं की हळूच निघतो, आसपासचं शेवाळ खरवडून पोट भरतो आणि पाणी उतरायच्या आत परत येऊन बसतो. कुठेही नाही, स्वतःच्याच जागेवर. त्याच्या टोपीची कड त्या जागेवर घासून घासून अशी चपखल बसलेली असते की दुसरीकडे तिला तसा मेळ मिळत नाही.

"म्हणून त्याला उपटायचं नाही," बाई म्हणायच्या. "तुम्हाला गंमत होते आणि त्याचं घर जातं."

याच टोपीवाल्यावरून बाईंनी एक खेळ काढला होता. सहलीच्या आधी आठवडाभर शाळेच्या मैदानात तो चालायचा. प्रत्येक पोराने खडूने स्वतःचं एक वर्तुळ काढायचं. मग मैदानभर भटकायचं, शेवाळ खाल्ल्यासारखं करायचं, आणि बाईंची शिट्टी वाजली की न पळता, न ढकलता आपापल्या वर्तुळात येऊन बसायचं. पहिल्या दिवशी हाणामारी व्हायची. दुसऱ्या दिवशी रडारड. आठवडा संपेपर्यंत मात्र शिट्टी वाजली की सगळं मैदान मुकाट्याने आपापल्या जागी यायचं. खडकांवर वर्तुळांऐवजी दप्तरं असत. समुद्राच्या भिंतीच्या पायऱ्यांवर दप्तरं ओळीने मांडायची आणि शिट्टी झाली की जो तो आपल्या दप्तरापाशी. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, याला सुरुवातीला पोरखेळ म्हणाल्या होत्या. तो पोरांचाच खेळ होता, त्यामुळे बाईंना त्यात अपमान वाटला नाही.

यंदाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शंकासुर म्हणत. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं.

"पण बाई, टोपीवाला रस्ता चुकला तर?"

"चुकत नाही तो."

"पण चुकलाच तर?"

"सांगते नंतर," असं म्हणून बाईंनी वेळ मारून नेली.

आता, भरती-ओहोटी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या या बाईंचं एक गुपित होतं. खडकांवर कधी जायचं ती वेळ त्यांनी स्वतः कधीच काढली नव्हती. ती त्यांना नवरा सांगायचा.

बाईंचे यजमान खाडीच्या तोंडाशी प्रवाशांची बोट चालवत. या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढाच त्यांचा पल्ला. पण गावाने त्यांना कप्तान करून टाकलं होतं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं होतं. पाण्याचं गणित त्यांच्या डोक्यात असे. पाणी रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं. कालची वेळ ठाऊक असली की आजची काढता येते आणि आजची ठाऊक असली की उद्याची. लग्न झालं त्या आठवड्यात, नव्या माणसाशी बोलायचं तरी काय म्हणून बाईंनी चहाच्या वेळी विचारलं होतं, "उद्या पाणी कधी?" कप्तानांनी मिनिटांसकट सांगितलं होतं. तेव्हापासून हा प्रश्न त्या घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर यायचा. भांडण झालेलं असो, पाहुणे आलेले असोत, कोणाला ताप असो. काही जोडपी एकमेकांना खूप काही बोलतात. यांचं एवढंच होतं, आणि त्यात त्यांचं भागत होतं.

दोन वर्षांपूर्वी कप्तानांना विसरायला लागलं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर तरुण होता पण शहाणा होता. तो म्हणाला, हे परत फिरणारं दुखणं नाही. पण त्यांना जे अजून येतंय ते त्यांना करू द्या, विचारत राहा. बाईंनी हे गाठीशी बांधलं. कप्तान शर्टाची बटणं खालीवर लावायला लागले, दुपारी जेवल्यावर जेवण कधी म्हणून विचारायला लागले, तरी संध्याकाळी बाईंनी "अहो, उद्या पाणी कधी?" म्हटलं की ते ताठ बसत, छताकडे बघत, ओठ हलवत आणि वेळ सांगत. तेवढ्या मिनिटापुरते ते पुन्हा कप्तान होत. बाईंना त्या मिनिटासाठी दिवस ढकलावासा वाटायचा. ती वेळ बरोबर आहे की नाही हे त्यांनी कधी ताडून पाहिलं नाही. रोज कुठे कोणाला खडकांवर जायचं होतं?

सहल दुसऱ्या दिवसावर आली तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दिवस उधाणाचे होते. अशा दिवसांत पाणी खूप मागे जातं, म्हणूनच त्या निवडतात; पण जितकं मागे जातं तितक्याच जोराने ते पुढेही येतं. चहाच्या वेळी कप्तान म्हणाले, "साडेदहाला ओहोटी पुरी. साडेनवाला खडकावर पोचा, निवांत तास मिळेल." बाईंनी मान डोलावली आणि हळूच मोबाइल हातात घेतला.

"काय बघतेस?"

"काही नाही. सहज."

"पाणी बघतेस," कप्तान म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "एवढं एकच राहिलं होतं. तेही बघ त्याच्यात."

बाईंनी मोबाइल पालथा घातला. "छे हो. तुमच्यापुढे हा काय सांगणार?" असं म्हणून त्या कप विसळायला उठल्या. इथे बाई चुकल्या. ती चूक मायेची होती, पण सव्वीस पोरांना घेऊन खडकावर निघालेल्या माणसाला मायेची चूक परवडत नाही, हे कोणीतरी म्हणायलाच हवं.

सकाळी चित्रकलेचे सर सोबतीला आले. नवीन होते, पँट घोट्याच्या वर दुमडून अगदी तयारीत होते. "बाई, वेळ नक्की आहे ना?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

"कप्तानांची वेळ आहे," बाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या.

पायऱ्यांवर दप्तरं मांडून झाली. भिंतीपासून खडकापर्यंत वाळू, आणि वाळू संपून खडक सुरू होतो तिथे एक घळ. ओहोटीला ती कोरडी असते, वर चढताना सगळे तिच्यातूनच जातात. भरतीचं पाणी मात्र खडकावर यायच्या आधी त्या घळीत शिरतं. बाईंनी घळ ओलांडली. समोर पाणी लांब होतं, खडक मोकळा होता, सगळं नेहमीसारखं दिसत होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. पाणी उतरत असलं की त्याच्या काठचा खडक ओला, चकचकीत असतो, कारण ते नुकतंच तिथून गेलेलं असतं. आज पाण्याच्या अगदी काठापर्यंत खडक सुकलेला होता. बाई पोरांना ही खूण दर वर्षी शिकवायच्या. त्यांना ती दिसली. ऊन कडक आहे, वाळला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पहिल्या डबक्याशी त्या गुडघे टेकून बसल्या.

"आधी हात ओले करा. कोरडा हात त्यांना पोळतो. बोटाने, नखाने नाही. दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवायचा. तो कोणाचं तरी छप्पर असतो."

पोरं डबक्याभोवती कोंडाळं करून बसली. खडकाच्या कडेला चिकटलेलं, जेलीच्या बटणासारखं दिसणारं काहीतरी होतं. पाण्यात तेच फुलासारखं उमलून झालर हलवत होतं. हे फूल नाही, हा प्राणी आहे आणि हा मासे खातो, असं बाईंनी सांगितल्यावर दोन पोरांनी हात मागे घेतले. एक खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन शेजारच्या मोठ्या शंखाची मापं घेत होता. "बाई, हा घर बदलतोय," एक जण म्हणाला. "बघायला आलाय नुसता," दुसरा म्हणाला, "आमचे बाबा पण तसंच करतात." चित्रकलेचे सर चित्रं काढायची विसरून पोटावर पालथे पडून बघत होते. बाईंना बरं वाटत होतं. कप्तानांना घरी जाऊन काय काय सांगायचं ते त्या मनात जमवत होत्या.

तेवढ्यात शंकासुर ओरडली, "पण बाई, हा चालतोय!"

ती थोडी खाली, पाण्याच्या बाजूला एका खडकापाशी उकिडवी बसली होती. तिच्यासमोर एक टोपीवाला होता. लाटेचं पातळ पाणी खडकावरून सरकत त्याच्या अंगावर येत होतं. टोपी किंचित वर उचलली गेली होती, आणि ती हलत होती. केसभर, मग आणखी केसभर. दर वर्षी इतकी पोरं आणली, पण टोपीवाल्याला चालताना एकाही वर्गाने पाहिलं नव्हतं. शंकासुराचा चेहरा आनंदाने फुलला होता.

बाईंची नजर टोपीवाल्यावरून पाण्याकडे गेली. तो चालत होता, कारण पाणी त्याच्या अंगावर आलं होतं. पाणी येत होतं. केव्हाचं येत होतं.

त्यांनी मागे वळून घळीकडे पाहिलं. घळीत पाणी चमकत होतं.

बाईंनी शिट्टी वाजवली. मैदानात वाजवायच्या तशीच, न जास्त न कमी. "टोपीवाले, घरी चला," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. चित्रकलेच्या सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, घळीकडे पाहिलं आणि ते पुढे जाऊन घळीच्या मधोमध उभे राहिले. पोरं निघाली. कोणी पळालं नाही, कोणी ढकललं नाही. घळीत पाणी सरांच्या गुडघ्याच्या वर होतं, पोरांच्या कमरेला लागत होतं आणि खालून ओढत होतं. सर एकेकाला हाताला धरून पलीकडे सोडत होते. पोरांना गंमत वाटत होती, ती खिदळत होती. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे.

शंकासुर आली नव्हती. ती अजून तिथेच बसली होती.

"चल, बाळा."

"पण त्याला घरी जाताना बघायचंय. तुम्ही म्हणालात तो परत येतो."

"येईल. आपण आधी जाऊ."

तिला काखेत उचलून बाई घळीत उतरल्या तेव्हा पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं. एकदा पाय सरकला. सरांनी दंड धरला. पायऱ्यांवर येऊन त्यांनी दप्तरं पाहिली. प्रत्येक दप्तराशेजारी एक ओलं पोर बसलं होतं, एकही दप्तर एकटं नव्हतं. मग बाई पायरीवर बसल्या.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "वेळ कोणी सांगितली होती?" त्यांनी विचारलं.

"कोणी का सांगितली असेना, ताडून बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

"पालकांना मी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सहल बंद. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." मग उठून त्यांनी बाईंना प्यायला पाणी दिलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, त्यांना शाळा चालवायची होती.

घरी जाताना वाटभर बाईंनी एक वाक्य घोकलं. ‘हो, अगदी बरोबर होती वेळ.’ चार-पाच शब्दांचं काम होतं. कप्तान दारातच उभे होते, केस विंचरून.

"काय? होतं ना पाणी बरोबर?"

बाईंनी तोंड उघडलं. पण कप्तान त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते त्यांच्या कपड्यांकडे बघत होते. कपडे वाळले होते, पण मांडीच्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. बोटीवर जन्म गेलेल्या माणसाला ती रेघ वाचायला वेळ लागत नाही.

"चढत होतं," कप्तान म्हणाले. "पोरं?"

"सगळी आली. एकेक मोजलं."

ते खुर्चीवर बसले. बोटं मोडून काहीतरी मोजायला लागले, अडले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "आज वार कोणता?" बाईंनी सांगितला. कप्तानांच्या लेखी तीन दिवस पुढचा वार होता. हळूहळू दोघांनाही उलगडलं. दुपारच्या झोपेतून उठले की कधीकधी कप्तानांना नवी सकाळ झाल्यासारखी वाटायची. मग ते मनातल्या मनात पाणी एक दिवस पुढे सरकवायचे. गणितात कुठेही खोट नव्हती. दिवसच जास्तीचे झाले होते.

"तुमचं चुकलं नाही हो," बाई म्हणाल्या. "मीच मोबाइल पालथा घातला."

"का घातलास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," कप्तान म्हणाले. कितीतरी महिन्यांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ लागला नव्हता. "वाटू द्यायचं होतंस. बोटीवर ज्याची नजर गेली त्याच्या हातात सुकाणू ठेवत नाहीत. तो म्हणेल माझंच आहे, रागावेल, रडेल. तरी काढून घ्यायचं असतं. पोरं होती ती."

बाई रडल्या. कप्तानांनी त्यांचा हात धरला आणि धरून ठेवला. दिवा लावायच्या वेळेपर्यंत ते हात का धरलाय हे विसरले होते, पण सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात शंकासुर पहिल्या बाकावर येऊन बसली. "पण बाई, टोपीवाला रस्ता चुकला तर काय होतं, ते तुम्ही सांगणार होतात."

बाईंनी खडू खाली ठेवला. "चुकला, तर दुसरी जागा धरतो. पहिल्याइतका घट्ट बसत नाही, त्याला जपावं लागतं. पण कड घासत घासत, टिकला तर तीही जागा त्याची होते."

"पण किती दिवसांनी?"

"ते मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चहा झाला. प्रश्न बाईंच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो घोटाबरोबर गिळला. कप्तान कपाच्या कानाशी चाळा करत बसले होते. ते कशाची तरी वाट बघत होते आणि कशाची ते त्यांना आठवत नव्हतं, हे बाईंना समोरून दिसत होतं, आणि त्यांच्याच्याने ते बघवेना.

मग कप्तानांनी मान वर केली. "अगं," ते म्हणाले, "उद्या पाणी कधी?"

बाईंनी भरलेला कप जपून हातात घ्यावा तसा मोबाइल घेतला, बघितलं आणि मिनिटांसकट वेळ सांगितली. कप्तानांनी छताकडे पाहिलं, ओठ हलवले. "बरोबर वाटतंय," ते म्हणाले.

बाई कप विसळून बाहेर आल्या तेव्हा ते खिडकीशी बसले होते. "अगं, उद्या पाणी कधी?"

बाईंनी हा प्रश्न त्यांना लग्न झाल्यापासून रोज विचारला होता, आणि ‘कालच सांगितलं ना’ असं कप्तान एकदाही म्हणाले नव्हते. बाईंनी ओले हात पुसले, खुर्ची ओढून त्या त्यांच्याशेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं त्यांना सांगितलं.